गवताचे डोहाळे

"नातेवाईकांनी जरा बाहेर थांबावं."

हे वाक्य मला आयुष्यात दोनदा अधिकाराच्या आवाजात ऐकावं लागलं. एकदा माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी, दवाखान्याच्या बोळात. आणि दुसऱ्यांदा आमच्या सोसायटीच्या मागच्या गवतात, उकिडवं बसून एका पानाखाली डोकं घालत असताना. दोन्ही वेळा मी निमूट मागे सरकलो. त्या आवाजात असं काहीतरी असतं की आपण कोण, काय शिकलो, ऑफिसात कुणाकुणावर ओरडतो, हे सगळं माणूस विसरतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो.

दुसऱ्यांदा ते म्हणाल्या त्या आमच्या तळमजल्यावरच्या सिस्टर. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या नावानं हाक मारली तर त्या स्वतःही वळून पाहत नसत. सगळी नोकरी सरकारी इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. मूळच्या नागपूरच्या. दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून आमच्या घरी खिरीचा डबा यायचा आणि तो रिकामा परत करायची आमच्या बायकोला लाज वाटायची, म्हणून तो भरून परत जायचा. असा तो डबा वर्षभर जिना चढत-उतरत असे. पुण्यात राहून त्यांची भाषा आमच्यासारखीच झाली होती, 'अहो' आणि 'आपण'सकट. पण राग आला किंवा फार आनंद झाला की आतलं नागपूर वर यायचं. मग 'करताय'चं 'करून राहिले' व्हायचं. आम्ही त्यावरून त्यांचा पारा ओळखत असू.

बोलण्याआधी त्या उलटा हात लावायच्या. ताप बघतात तसा. पोराच्या कपाळाला, दुधाच्या पातेल्याला, कुंपणाच्या भिंतीला. एकदा माझ्या स्कूटरच्या सीटला उलटा हात लावून म्हणाल्या, "सावलीत लावत जा भाऊ, तिला झेपत नाही." मला काय झेपतं न झेपतं याची चौकशी इतक्या मायेनं घरात कुणी केल्याचं आठवत नाही.

आमची सोसायटी कात्रजला, डोंगराच्या पायथ्याशी. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक लांबट पट्टी आहे. नकाशात तिथे बाग आहे. प्रत्यक्षात बाग कुणी केली नाही, त्यामुळे डोंगरावरचं गवत आपणहून खाली उतरून तिथे राहायला आलं. आम्ही सगळे त्या जागेला 'मागचं' म्हणतो. मागच्यात गवत, दगड, भिंतीलगत रुईचं एक झुडूप, आणि जमिनीला चिकटून पसरलेली घोळ. घोळ तुम्ही खाल्ली असेल. जाडसर, गुळगुळीत पानांची, किंचित आंबट. डाळ घालून छान होते.

सिस्टर ती खुडायला मागच्यात जायच्या. एका पावसाळ्यात त्यांना पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या, तांबूस डोक्याच्या आणि त्या डोक्यावर दोन शिंगं असलेल्या. दुसरं कुणी असतं तर भाजी टाकून हात धुतले असते. सिस्टरांनी भाजी पिशवीतून काढून परत जागेवर ठेवली, आणि त्या दिवसापासून वाटणी केली. नळाच्या बाजूची घोळ आपली, दगडांच्या बाजूची त्यांची. माझी बायको एकदा चुकून पलीकडची खुडायला लागली तर म्हणाल्या, "वहिनी, ते पेशंटचं जेवण आहे."

डोंगरावर फुलपाखरं बघायला कॉलेजची मुलं येतात. त्यांना गाठून सिस्टरांनी नाव विचारून घेतलं. चांदवा. मोकळ्या माळावरचं, गवताळ जागेतलं फुलपाखरू. पुढचं सगळं मात्र त्यांनी बसून बघितलं, एका लोखंडी स्टुलावर. तो स्टूल त्यांना निवृत्तीच्या वेळी वॉर्डातल्या आयाबाईंनी रंगवून भेट दिला होता. घड्याळ नको, स्टूल द्या, असं यांनीच सांगितलं होतं म्हणे.

मग त्या मागच्याचा वॉर्ड झाला. मादी आली, घोळीच्या पानाखाली वाकून एकेक अंडं ठेवून गेली, की सिस्टर म्हणायच्या, "नाव घातलं." अंड्यातून अळी निघून खायला लागली की, "भूक चांगली आहे." अळी कात टाकून सुस्तावली की, "पडू द्या, थकली आहे." आणि पोट भरलेली अळी दगडाच्या पोटाशी किंवा वाळक्या काडीला शेपटाकडून उलटी लटकली, तिचा कोष झाला, की सिस्टरांचा आवाज आपोआप खाली यायचा. "टेबलावर घेतलं."

मी एकदा एका कोषाकडे बघून विचारलं, "सिस्टर, यातून नर निघेल की मादी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगता येणार नाही. कायद्यानं गुन्हा आहे."

हे विचारायचं कारण होतं. त्याआधीच माझी शोभा झाली होती. झालं असं की सिस्टरांच्या या बाळांपैकी तांबूस, काळ्या टोकांच्या पंखांची फुलपाखरं मला ठाऊक झाली होती, कारण अंडी घालताना तीच दिसायची. एका सकाळी सिस्टर बाजारात गेल्या होत्या. मी खिडकीतून पाहतो तर एक काळंभोर फुलपाखरू, पंखांवर पांढरे गोल ठिपके, त्या तांबूस बाईंच्या मागे लागलेलं. ती इकडे गेली की हे इकडे, ती तिकडे की हे तिकडे. मला वाटलं, सिस्टरांच्या माघारी कुणी गुंड घुसला आहे. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि मागच्यात उतरलो. त्याला हाकललं की ते फिरून त्याच दगडावर येऊन बसायचं. मीही इरेला पेटलो. दुसऱ्या मजल्यावरून दोन माणसं माझ्याकडे बघत होती हे मला नंतर कळलं.

"काय करून राहिले भाऊ?"

मागे सिस्टर उभ्या. हातात भाजीची पिशवी. आवाजात अख्खं नागपूर.

"हा काळा तिला त्रास देतोय."

"काहून हाकलून राहिले त्याले? तो तिचा नवरा हाय."

मी गुंडाळी खाली घेतली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. काळा, चांद लावलेला, तो नर. म्हणूनच चांदवा. तो आपली एक जागा धरून बसतो आणि तिथून हलत नाही. मादी अगदी निराळी, तांबूस, रुईवर वाढणाऱ्या त्या दुसऱ्या फुलपाखरासारखी. ते रुई खाऊन कडू झालेलं असतं म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

"म्हणजे ही पण कडू?"

"छे. ही गोडच आहे. कडूची साडी नेसली आहे फक्त."

पुढे कितीतरी दिवस सोसायटीत माझी ओळख 'नवरा हाकलणारे' अशी होती. बायकोला ती फार आवडली.

आता या सगळ्याला एक दुसरी बाजू होती, ती म्हणजे आमचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. पण त्यांना प्रत्येक गोष्ट कडेनं कापलेली लागते. भाद्रपद आला की ते यंत्रवाल्याला बोलावून मागचं गवत साफ करून घेत. एका वर्षी ते नेहमीपेक्षा आधी कापलं गेलं. सिस्टर तेव्हा लेकीकडे नागपूरला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गवताचा ढीग कोपऱ्यात वाळत होता. त्या स्टूल घेऊन ढिगापाशी बसल्या आणि काडी काडी बाजूला करू लागल्या. मीही जाऊन बसलो. लटकलेले कोष सापडत होते, चेपलेले. सगळं झाल्यावर सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, वॉर्डातून निघताना धुवायच्या तसे, आणि त्या घरात गेल्या.

त्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी त्यांचे गुडघे फार बोलायला लागले होते. लेक मागे लागली होती. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर नागपूरला जाते भाऊ. आता हीच शेवटची बॅच. एवढी घरी गेली की मी मोकळी."

मी मान हलवली. त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी जाहीर केलं की त्यांची मुलगी केतकी बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि येत्या रविवारी मागच्यात तिचं डोहाळजेवण करायचं आहे. मांडव घालायचा. त्याआधी गवत काढायचं. शनिवारी यंत्रवाला येईल.

सिस्टर त्यांच्याकडे गेल्या. मी सोबत होतो, म्हणजे मागे होतो.

"अजून थोडे दिवस थांबा. कोष लटकलेत."

"सिस्टर, सोसायटीच्या नियमांत किड्यांना सभासदत्व नाही."

"भाडेकरू समजा."

"आणि गवतात साप निघाला म्हणजे? पाहुणे बसणार आहेत."

"कात्रजच्या सर्पोद्यानात लोक तिकीट काढून साप बघायला येतात. तुमच्या पाहुण्यांना फुकट."

सेक्रेटरींना विनोद कळला, पण आवडला नाही. "शनिवारी यंत्र येणार," ते म्हणाले आणि आम्हाला चहा विचारला. पुण्यात याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. आम्ही निघालो. जिन्यात सिस्टर थांबल्या, कठड्याला उलटा हात लावून उभ्या राहिल्या. "डोहाळजेवण तर व्हायलाच पाहिजे," म्हणाल्या. "पोरीची हौस आहे. तिचं वाईट करून आपलं चांगलं कसं करायचं?"

केतकीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ती इमारतीला चकरा मारायची आणि दमली की मागच्यात सिस्टरांच्या स्टुलावर टेकायची. सिस्टर उठून तिला जागा द्यायच्या, कपाळाला उलटा हात लावायच्या, पाय वर घ्यायला एक वीट आणून ठेवायच्या. एवढी सगळी कंप्युटरवरची मुलगी, पण घोळीच्या पानाखालची अळी बघून तिचा चेहरा शाळेतल्यासारखा व्हायचा. "सिस्टर, ही नुसती खातच असते का?" "तू काय करतेस दुसरं?" "सिरियसली, मीपण नुसती खातेच." मग दोघी त्या अळीचं खाणं बघत बसायच्या. रविवारसाठी गवत काढणार आहेत हे सिस्टर तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

शनिवारी यंत्रवाला आला. खांद्यावर पट्टा, डोळ्यांना चष्मा. सेक्रेटरी कडेला उभे राहून कुठून सुरुवात करायची ते हातानं दाखवत होते. सिस्टर आपल्या दारात उभ्या. मी खिडकीत. यंत्रवाल्यानं दोरी ओढली, यंत्र खोकलं, बंद पडलं. त्यानं पुन्हा हात घातला, तेवढ्यात केतकी आली आणि नेहमीसारखी गवताच्या मधोमध स्टुलावर बसली.

"केतकी, उठ. धूळ उडेल."

"कशाची?"

"गवत काढतोय. उद्यासाठी."

तिनं आजूबाजूला बघितलं. मग पाय विटेवर ठेवले. "नको बाबा. मला इथेच बसायचंय. असंच."

"उद्या बस की. छान खुर्ची ठेवू, वर मांडव..."

"मला मांडव नको. मला हे पाहिजे."

सेक्रेटरींनी यंत्रवाल्याला खूण केली. तेव्हा सिस्टर पायऱ्या उतरून आल्या.

"अहो, मुलीला डोहाळे लागलेत."

"कसले?"

"गवताचे."

"गवताचे डोहाळे असतात का कुठे?"

"माती खाणाऱ्या पाहिल्या. पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या पाहिल्या. एकीला नव्या रबरी चपलेचा वास घ्यावासा वाटायचा, तिचा नवरा उशाशी जोड ठेवायचा. गवतात बसायचं हे त्या मानानं सोपं आहे."

"सिस्टर, हे तुम्ही..."

"मी काय? विचारा तिला."

सेक्रेटरींनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं बापाकडे, अशा नजरेनं की जी फक्त सातव्या महिन्यात जमते. आणि त्याच वेळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, डोहाळे मोडायचे नसतात. त्या माणसाला चहा देऊन पाठवा."

यंत्रवाल्याला खराखुरा चहा मिळाला.

तुम्ही नावेतलं डोहाळजेवण पाहिलं असेल, चांदण्यातलं पाहिलं असेल. आम्ही गवतातलं पाहिलं. सिस्टरांनी पहाटेच उठून, बाळंतपणाच्या खोलीला पडदा लावावा तशा काळजीनं, दगडांच्या आणि घोळीच्या बाजूला कडेनं काड्या रोवून पांढरं बँडेज बांधलं होतं. पाहुण्यांना ती सजावट वाटली. दोघीतिघींनी तर कुठून आणली म्हणून विचारलं. केतकी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून, मधोमध त्या लोखंडी स्टुलावर. मागे डोंगर. मांडववाल्याला इतकं कधीच जमलं नसतं, हे सेक्रेटरीही नंतर दुसऱ्या शब्दांत म्हणाले. त्यांचे शब्द होते, "ठीक झालं."

केतकीच्या सासूबाई लोणी काळभोरच्या. शेतीवाडीच्या घरातल्या. त्यांनी बँडेजच्या आत वाकून पाहिलं. "आगं बया, ही तर घोळ हाय. आन् हिला मलमपट्टी केलीया व्हय?"

"आत पेशंट आहेत," सिस्टर म्हणाल्या.

सासूबाईंनी अळी पाहिली, कोष पाहिला, पदर सावरला. "आमच्या रानात लई हाय घोळ. खुरपून बांधावर टाकतो. आता जरा राखून ठिवते," म्हणाल्या आणि सिस्टरांशेजारी जाऊन बसल्या. दोघींचं काय बोलणं चाललं होतं कळलं नाही, पण मधूनमधून दोघीही मांडीवर हात मारून हसत होत्या.

फोटोच्या वेळी मात्र घोटाळा झाला. सेक्रेटरी नेमके त्या नराच्या दगडापाशी उभे होते. नर फिरून आला, त्याला आपली जागा सापडेना, तेव्हा जवळची उंच आणि गुळगुळीत जागा बघून तो सेक्रेटरींच्या टकलावर बसला. काळेभोर पंख, पांढरे चांद, कडेला निळसर झाक.

"उडवा ना कुणीतरी याला," सेक्रेटरी ओठ न हलवता म्हणाले.

"हलू नका. त्याची जागा आहे ती," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. "मी नवरे हाकलणं सोडलंय."

तो फोटो सेक्रेटरींच्या हॉलमध्ये आहे. त्यात सगळे केतकीकडे बघतायत, केतकी बापाच्या डोक्याकडे.

झाकलेल्या वाट्यांतून केतकीनं बर्फीची वाटी उघडली, म्हणजे मुलगी, असं सगळ्या बायका म्हणाल्या. कुणीतरी सिस्टरांना विचारलं, तुमचा काय अंदाज? त्या म्हणाल्या, "मी सांगत नसते." आणि बर्फी खाल्ली.

खरं तर त्या दिवशी एखादा कोष उघडावा, पाहुण्यांनी बघावं, असं मला फार वाटत होतं. काही उघडलं नाही. उघडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दात घासत असताना. सिस्टरांनी खालून हाक मारली. तसाच धावलो.

कोष काळपट झाला होता आणि खालून चिरला होता. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येऊन सालाला धरून लटकलं. पंख इतकेसे. मला वाटलं अडलंय. मी बोट पुढे केलं, तर उलट्या हाताची चापटी बसली. मग आम्ही बघत राहिलो. पंख हळूहळू खाली उतरत गेले, सुरकुत्या गेल्या, तांबूस रंग भरला. लालसर पाण्याचा एक थेंब खाली दगडावर पडला. "झाली मोकळी," सिस्टर म्हणाल्या.

ऊन वर आलं तशी ती काडीवरून भिंतीवर गेली, भिंतीवरून पलीकडे, डोंगराच्या उतारावरच्या गवतात. सिस्टर मान वर करून बघत होत्या.

"आता?" मी विचारलं. तोंडात अजून पेस्ट होती.

"आता काय. घरी गेली. आमचं काम दारापर्यंत."

त्यानंतर एकेक करून बाकीचेही गेले. दिवाळीनंतर सिस्टर गेल्या. स्टूल माझ्याकडे ठेवला. "बसत जा," एवढंच म्हणाल्या, आणि निघताना रिक्षात बसायच्या आधी इमारतीच्या भिंतीला उलटा हात लावून पाहिला. ताप नसावा.

त्यांच्या घरात आता आयटीतली मुलं भाड्यानं राहतात. गुणी आहेत, भाजी मात्र डब्यातूनच खातात, त्यामुळे नळाच्या बाजूची घोळ आम्हालाच सगळी. यंत्रवाला आता दिवाळीनंतर येतो. केतकीची मुलगी आजोळी आली की सेक्रेटरी तिचं बोट धरून मागच्यात येतात आणि मी फार वाकलो तर मागून म्हणतात, "नातेवाईकांनी जरा बाहेर थांबावं." आवाज तसा येत नाही. पण मी सरकतो.

परवा सकाळी मी स्टुलावर बसलेलो असताना फोन वाजला. नागपूर. तिकडे जाऊन सिस्टरांची भाषा आता पूर्ण माहेरी गेली आहे.

"काय करून राहिले भाऊ?"

"मागच्यात बसलोय. एक आत्ताच बाहेर आलंय, सिस्टर. पंख वाळतायत."

"मुलगा का मुलगी?"

मला गंमत सुचली. "सांगता येणार नाही. कायद्यानं गुन्हा आहे."

तिकडे सिस्टर हसल्या.

"ते आधी, भाऊ. झाल्यावर सांगावंच लागते. आता नातेवाईक मी हाय ना. मी बाहेर थांबून राहिले."

मी उठून उभा राहिलो, वॉर्डाच्या दारात उभं राहतात तसा. नीट वाकून पाहिलं.

"मुलगी झाली, सिस्टर," मी म्हणालो. "सुखरूप आहे."